सम्राट् डायोक्लेशियन

रोमच्या सिंहासनावर बसण्यासाठीं ज्यांनीं आपल्या धन्याचा, भावाचा किंवा मित्राचा जीव घेतला, अशा पुरुषांचीं नांवें इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु तें सिंहासन आपण होऊन सोडणारा व पुढें परत बोलावणें आलें असतांही तिकडे ढुंकून न पाहणारा पुरुष त्या दीर्घ परंपरेंत विरळाच. डायोक्लेशियन हा तो पुरुष होय. मोडकळीस आलेल्या राज्याची त्यानें पुन्हां उभारणी केली, आणि वीस वर्षें तें सांभाळून तें दुसऱ्यांच्या हातीं दिलें. ख्रिस्ती वाचकांस मात्र त्याचें नांव ऐकतांच दुसरीच आठवण होते. कारण ख्रिस्तमंडळीचा रोमन साम्राज्यांत जो शेवटचा व सर्वांत मोठा छळ झाला, तो याच सम्राटाच्या हुकुमानें सुरू झाला. एवढा शहाणा, संयमी व कर्तबगार राजा एवढ्या क्रूर कृत्यास कसा प्रवृत्त झाला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचार करण्याजोगा आहे. त्याचें उत्तर त्याच्या चरित्रांतच शोधलें पाहिजे.

प्रथम त्या काळची स्थिति ध्यानांत घ्यावी. इ. स. २३५ मध्यें सम्राट् अलेक्झांडर सिव्हीरस यास त्याच्याच सैनिकांनीं ठार मारलें, आणि तेव्हांपासून पन्नास वर्षें साम्राज्यास स्वास्थ्य असें मिळालें नाहीं. या अवधींत वीसांहून अधिक सम्राट् गादीवर आले. त्यांपैकीं ज्यांस अंथरुणावर शांतपणें मरण आलें, ते बोटांवर मोजण्याइतकेच. सैन्यानें आज एखाद्या सेनापतीच्या अंगावर जांभळीं राजवस्त्रें चढवावीं आणि उद्यां तींच त्याच्या रक्तानें भिजवावीं, असा क्रम चालला होता. उत्तरेस ऱ्हाईन व डॅन्यूब या नद्या ओलांडून जर्मन व गॉथ लोकांच्या टोळ्या आंत शिरत. पूर्वेस इराणांत सासानी घराण्यानें डोकें वर काढलें होतें, इ. स. २६० मध्यें तर व्हॅलेरियन हा रोमन सम्राट् इराणचा राजा शापूर याच्या हातीं जिवंत सांपडला व कैदेंतच मेला. कांहीं वर्षें पश्चिमेस गॉल व पूर्वेस पाल्मायरा हे प्रदेश साम्राज्यापासून तुटून निराळे झाले. ऑरेलियन या शूर सम्राटानें इ. स. २७० ते २७५ या काळांत ते पुन्हां जोडले, पण त्याचाही शेवट खुनानेंच झाला. खजिना रिता झाल्यामुळें नाण्यांतील चांदी कमी होत होत वरचा पातळ मुलामा काय तो उरला. अर्थात् पैशाची किंमत उतरली व वस्तूंचे भाव चढले.

अशा या धामधुमीच्या काळांत इ. स. २४४ च्या सुमारास डाल्मेशिया प्रांतांत, एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सलोना नगराच्या आसपास, एका गरीब घरांत डायोक्लेस नांवाचा मुलगा जन्मास आला. त्याचा बाप कारकुनी करीत असे असें कित्येक म्हणतात. कित्येकांच्या मतें तो ॲन्युलिनस नांवाच्या एका सरदाराच्या दास्यांतून मुक्त झालेला मनुष्य होता. तें कसेंही असो. कुळाचा मोठेपणा, वडिलार्जित संपत्ति किंवा उच्च शिक्षण यांपैकीं कोणतीच शिडी या मुलास मिळाली नाहीं. गरिबाच्या मुलास वर चढावयाचा एकच मार्ग त्या काळीं मोकळा होता, आणि तो म्हणजे लष्कर. डायोक्लेस सैन्यांत शिरला व पायरी पायरीनें चढत सम्राटाच्या खास शरीररक्षकांचा नायक झाला. तो रणांगणावर अलौकिक पराक्रमी होता असें दिसत नाहीं. मनुष्यांची पारख, मनांतील बेत मनांतच ठेवण्याची हातोटी, आणि योग्य वेळ येईपर्यंत वाट पाहण्याची चिकाटी, हे त्याचे खरे गुण होते.

ती वेळ इ. स. २८४ मध्यें आली. कॅरस नांवाचा सम्राट् इराणवर स्वारी करून गेला असतां मोहिमेंतच मरण पावला. त्याचा धाकटा मुलगा न्यूमेरियन हा सैन्यासह परत येत होता. डोळ्यांच्या विकारामुळें तो पडदे लावलेल्या मेण्यांतून प्रवास करी, आणि सैनिकांनीं त्याच्या प्रकृतीविषयीं विचारलें म्हणजे त्याचा सासरा व मुख्य अधिकारी एपर हा कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेई. शेवटीं मेण्यांतून दुर्गंधि येऊं लागली, तेव्हां पडदे दूर सारण्यांत आले. आंत राजाचें प्रेत होतें. खुनाचा संशय अर्थातच एपरवर आला. ता. २० नोव्हेंबर २८४ रोजीं आशिया मायनरमधील निकोमीडिया नगराजवळ सैन्याची सभा भरली व सर्वांनीं डायोक्लेसला सम्राट् म्हणून पुकारलें. त्यानें उपसलेली तरवार हातीं धरून, या खुनांत आपलें अंग नाहीं अशी सूर्यास साक्ष ठेवून शपथ घेतली, आणि जवळच उभ्या केलेल्या एपरला सर्व सैन्यादेखत तेथल्या तेथें भोसकलें. एपर या लॅटिन शब्दाचा अर्थ रानडुक्कर असा आहे. रानडुक्कर मारशील तेव्हां राजा होशील, असें गॉलमधील एका देवऋषिणीनें डायोक्लेसला तरुणपणीं सांगितलें होतें, अशी एक दंतकथा यावरून निघाली. परंतु एपरची चौकशी होऊं न देतां त्याचें तोंड कायमचें बंद करण्याची एवढी घाई कां झाली, असा संशय कित्येक इतिहासकारांच्या मनांत आजही येतो. सत्तेचा आरंभच असा रक्तानें झाला. नव्या राजानें आपलें डायोक्लेस हें ग्रीक वळणाचें नांव बदलून डायोक्लेशियन असें भारदस्त रोमन नांव घेतलें.

न्यूमेरियनचा वडील भाऊ कॅरिनस हा अद्याप पश्चिमेस राज्य करीत होता. इ. स. २८५ च्या उन्हाळ्याच्या सुमारास मार्गस नदीच्या कांठीं दोघांच्या सैन्यांची गांठ पडली. लढाईंत कॅरिनसची सरशी होत असतां त्याच्याच अधिकाऱ्यांनीं त्यास ठार केलें, असें सांगतात. यापुढें डायोक्लेशियननें जें केलें, तें त्या काळीं नवलाचें वाटलें. पराजित पक्षाच्या लोकांची कत्तल करावयाची व त्यांची मालमत्ता लुटावयाची, ही नेहमींची रीति त्यानें मोडली. कॅरिनसच्या पदरच्या बहुतेक अधिकाऱ्यांस त्यानें आपापल्या जागीं राहूं दिलें, व त्याचा प्रमुख मंत्री ॲरिस्टोब्युलस यासही पदच्युत केलें नाहीं. हाच मनुष्य पुढें निरपराधी प्रजेच्या रक्तपातास संमति देणारा होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

एवढें अफाट राज्य एकट्यानें सांभाळणें शक्य नाहीं, हें डायोक्लेशियननें प्रथमच ओळखलें. सम्राट् ऱ्हाईनवर असला म्हणजे युफ्रेटिसवर शत्रु चालून येई, आणि तो पूर्वेकडे वळला कीं पश्चिमेस एखादा सेनापति बंड करी. म्हणून त्यानें आपला जुना सोबती मॅक्झिमियन यास प्रथम दुय्यम अधिकार व इ. स. २८६ मध्यें बरोबरीचें सम्राट्‌पद देऊन पश्चिमेचा कारभार सोंपविला. मॅक्झिमियन आडदांड व अशिक्षित होता, पण तरवारीचा खरा व मित्राच्या वचनांत राहणारा होता. इ. स. २९३ मध्यें आणखी दोन उपसम्राट् नेमण्यांत आले: पश्चिमेस कॉन्स्टान्शियस व पूर्वेस गॅलेरियस. सम्राटांस ऑगस्टस व उपसम्राटांस सीझर अशी पदवी होती. हे संबंध दृढ करण्यासाठीं सोयरिकी जुळविल्या गेल्या. डायोक्लेशियननें आपली एकुलती एक मुलगी व्हलेरिया ही गॅलेरियसला दिली. कॉन्स्टान्शियसनें हेलेनेचा त्याग करून मॅक्झिमियनच्या घराण्यांतील थिओडोरा हिच्याशीं लग्न लावलें. हेलेनेचा मुलगा कॉन्स्टंटाईन हा डायोक्लेशियनच्या दरबारीं राहूं लागला. तोच पुढें पहिला ख्रिस्ती सम्राट् झाला.

हे चौघे सरहद्दीजवळच्या निरनिराळ्या शहरीं राहूं लागले: ट्रिअर, मिलान, सर्मियम आणि निकोमीडिया. प्रत्यक्ष रोम शहर नांवाचीच राजधानी राहिली. कायदे मात्र चौघांच्या नांवानें निघत, आणि चौघांमध्यें शेवटचा शब्द डायोक्लेशियनचा असे. व्हेनिस येथें सेंट मार्कच्या मंदिराच्या कोपऱ्यावर तांबड्या दगडांत कोरलेल्या चार राजपुरुषांच्या मूर्ति आहेत; प्रत्येकाचा एक हात तरवारीवर व दुसरा सोबत्याच्या खांद्यावर आहे. ते हेच चौघे होत असें समजतात. त्यांच्या राज्यपद्धतीचें याहून चांगलें चित्र काढतां येणार नाहीं.

या योजनेचें फळ लवकरच दिसूं लागलें. ब्रिटनमध्यें कॅरॉशियस नांवाच्या आरमारी सेनापतीनें स्वतंत्र राज्य थाटलें होतें, तें कॉन्स्टान्शियसनें इ. स. २९६ मध्यें परत जिंकलें. इजिप्तमध्यें बंड झालें, तेव्हां डायोक्लेशियन स्वतः तेथें गेला व सुमारें आठ महिने वेढा घालून त्यानें अलेक्झांड्रिया शहर सर केलें. त्या शहरांत त्याच्या सन्मानार्थ उभारलेला सुमारें २७ मीटर उंचीचा खांब आजही उभा आहे. मात्र लोक त्यास चुकीनें पॉम्पेचा स्तंभ म्हणतात. इराणशीं झालेल्या युद्धांत गॅलेरियसचा आधीं मोठा पराभव झाला. तेव्हां डायोक्लेशियननें आपल्या रथापुढें सुमारें मैलभर त्यास राजवस्त्रांनिशीं पायीं चालावयास लाविलें, अशी कथा आहे. पुढें इ. स. २९८ मध्यें गॅलेरियसनें त्याची भरपाई केली. इराणचा राजा नर्सेह याची छावणी, बायका व मुलें त्याच्या हातीं लागलीं. नंतर जो तह झाला, त्यानें पूर्व सरहद्दीवर सुमारें चाळीस वर्षें शांतता नांदली.

राज्यकारभारांत त्यानें केलेले फेरफार याहूनही दूरगामी होते. मोठमोठ्या प्रांतांचे तुकडे करून त्यानें त्यांची संख्या जवळ जवळ दुप्पट, म्हणजे शंभरांच्या घरांत नेली, व त्यांचे बारा विभाग पाडले. डायोसीस हा जो शब्द आज बिशपच्या अधिकारक्षेत्रास लावतात, तो मूळचा याच विभागांचें नांव होता. प्रांताचा सुभेदार व सैन्याचा सेनापति या दोन अधिकारांची त्यानें बहुतेक ठिकाणीं फारकत केली. हेतु हा कीं, एकाच्या हातीं पैसा व फौज हीं दोन्ही येऊन त्यास बंडाची बुद्धि होऊं नये. सैन्य वाढविलें, किल्ले व रस्ते दुरुस्त केले. या सर्वांस द्रव्य पाहिजे. म्हणून जमिनीची व माणसांची मोजणी करून नव्या पद्धतीनें सारा बसविला. राज्य सुरक्षित झालें खरें, परंतु शेतकऱ्याच्या पाठीवरील ओझें जड झालें. राजाचें दर्शनही दुर्मिळ झालें. पूर्वीचे सम्राट् निदान देखाव्यापुरते तरी नागरिकांतील पहिले नागरिक म्हणवीत. डायोक्लेशियन रत्नजडित वस्त्रें व पादत्राणें घालून पडद्याआड बसे, आणि भेटीस येणाऱ्यानें गुडघे टेकून त्याच्या वस्त्राच्या कांठाचें चुंबन घ्यावें असा नियम झाला. तो स्वतःस ज्युपिटर देवाचा प्रतिनिधि म्हणवी, आणि मॅक्झिमियन हर्क्युलीसचा. दासाच्या मुलास हा थाट आवडला असेलही. परंतु ज्या राजास कोणीही सैनिक सहज गांठूं शकतो त्यास कोणीही सैनिक सहज मारूं शकतो, हा अर्धशतकाचा अनुभवही त्याच्या मुळाशीं होता.

आतां त्याच्या एका प्रसिद्ध कायद्याकडे वळूं. नवीं चांगलीं नाणीं पाडूनही महागाई हटेना, तेव्हां इ. स. ३०१ मध्यें डायोक्लेशियननें सर्व वस्तूंच्या व मजुरीच्या कमाल दरांचें फर्मान काढलें. त्यांत एक हजारांहून अधिक बाबी आहेत. गहूं, जंव, मद्य, तेल, मांस, मासळी, जोडे, लोंकर, रेशीम, इतकेंच काय, खेळांसाठीं आणावयाच्या सिंहाची किंमतही ठरविलेली आहे! ठरल्या दरापेक्षां अधिक घेणारास देहान्त शिक्षा होती. हें फर्मान ठिकठिकाणीं दगडांवर कोरलें गेलें, व त्याचे पुष्कळ तुकडे सांपडले असल्यामुळें त्या काळच्या संसाराचें चित्र आपणांस पाहावयास मिळतें. शेतमजुरास जेवण व रोज २५ दीनार. न्हाव्यास दर माणशीं २. लिहिणें-वाचणें शिकविणाऱ्या पंतोजीस दर मुलामागें महिना ५०, गणितशिक्षकास ७५, व्याकरण शिकविणाऱ्यास २००, वक्तृत्व शिकविणाऱ्यास २५०. आणि वकिलास एका खटल्यांतील भाषणाबद्दल १०००. विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. पंतोजीस पंधरा मुलें मिळालीं, तेव्हां कोठें त्याची प्राप्ति महिनाभर राबणाऱ्या शेतमजुराच्या मजुरीइतकी होई. मजुराचें जेवण तें निराळेंच. शिक्षकाच्या व्यवसायाची ही तऱ्हा फार प्राचीन दिसते!

या कायद्याचा परिणाम काय झाला? लॅक्टॅन्शियस या समकालीन ख्रिस्ती ग्रंथकाराच्या सांगण्याप्रमाणें क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडलें, भीतीनें माल बाजारांतून नाहींसा झाला, आणि महागाई आणखी वाढली. शेवटीं तो कायदा आपोआप मागें पडला. लॅक्टॅन्शियस हा सम्राटाचा कट्टर वैरी असल्यामुळें त्याच्या शब्दांत कडवटपणा आहे. तरी कायदा फसला यांत शंका नाहीं. डायोक्लेशियनचा हेतु वाईट नव्हता. नफेखोरांपासून गरिबांस व शिपायांस वांचवावें, अशी त्याची इच्छा होती. परंतु सरहद्द, सैन्य व प्रांत यांस हुकुमानें वळण लावतां आलें म्हणून जगांतील प्रत्येक गोष्टीस तसेंच वळण लावतां येईल, अशी त्याची समजूत होऊन बसली होती. बाजारानें त्याचा हुकूम मानला नाहीं. त्याहूनही मोठा धडा त्यास अद्याप मिळावयाचा होता.

सम्राट् गॅलिएनस याच्या वेळेपासून, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, ख्रिस्ती लोकांस साधारणपणें शांतता लाभली होती. ते सैन्यांत व दरबारांत अधिकारावर चढले होते. निकोमीडियांत राजवाड्यांतून दिसेल अशा उंच जागीं त्यांचें उपासनामंदिर उभें होतें. सम्राटाची राणी प्रिस्का व मुलगी व्हलेरिया यांचाही ओढा या धर्माकडे होता, असें लॅक्टॅन्शियसच्या लिहिण्यावरून वाटतें. पंधराहून अधिक वर्षें डायोक्लेशियननें या लोकांस त्रास दिला नाहीं. परंतु जुन्या देवतांच्या कृपेनेंच राज्य टिकतें अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. इ. स. २९९ च्या सुमारास एका यज्ञप्रसंगीं शकुन मिळेनात, आणि पुरोहितांनीं त्याचा दोष जवळ उभ्या असलेल्या ख्रिस्ती सेवकांवर ठेवला. सम्राट् रागावला, राजवाड्यांतील व सैन्यांतील सर्वांनीं देवांस बलि अर्पावा, नाहीं तर नोकरी सोडावी, असा हुकूम सुटला. पुढें इ. स. ३०२ च्या हिवाळ्यांत गॅलेरियस निकोमीडियास येऊन राहिला, व त्यानें वृद्ध होत चाललेल्या सम्राटाच्या मागें सारखा लकडा लावला. डायोक्लेशियन पुष्कळ दिवस नको म्हणत होता. शेवटीं त्यानें मिलेटस येथील अपोलो देवास कौल लाविला. कौल ख्रिस्ती लोकांच्या विरुद्ध गेला, आणि सम्राटानें संमति दिली. रक्तपात मात्र होऊं नये एवढेंच त्यानें बजावलें.

ता. २३ फेब्रुवारी ३०३ रोजीं पहांटेस शिपायांनीं निकोमीडियांतील उपासनामंदिराचे दरवाजे फोडले, शास्त्रग्रंथ जाळले व ती इमारत जमीनदोस्त केली. दुसऱ्या दिवशीं फर्मान लागलें: सर्व उपासनामंदिरें पाडावीं, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळाव्या, ख्रिस्ती मनुष्याचा दर्जा व अधिकार काढून घ्यावा. एका धीट ख्रिस्ती गृहस्थानें तें फर्मान भरदिवसां फाडून टाकलें. त्यास जिवंत जाळण्यांत आलें. थोड्याच दिवसांत राजवाड्यास दोनदां आग लागली, संशय ख्रिस्ती लोकांवर घेतला गेला, आणि रक्तपात होऊं नये ही मूळची अट त्या आगींतच भस्म झाली. राजाच्या खास विश्वासांतले सेवक पीटर, डोरोथियस व गॉर्गोनियस यांस हाल हाल करून मारलें. बिशप ॲन्थिमस याचा शिरच्छेद झाला. राणी व राजकन्या यांसही देवतांपुढें बलि अर्पावयास लाविलें. मग एकामागून एक फर्मानें निघालीं. मंडळीच्या अधिकाऱ्यांस कैद करण्याचा हुकूम होतांच तुरुंग इतके भरले कीं खऱ्या गुन्हेगारांस जागा उरेना. इ. स. ३०४ मध्यें सर्व स्त्रीपुरुषांनीं बलि अर्पिलाच पाहिजे, असें ठरलें. पूर्वेस, इजिप्तमध्यें व आफ्रिकेंत अनेकांनीं प्राण दिले. पश्चिमेस कॉन्स्टान्शियसनें इमारती तेवढ्या पाडून माणसांस हात लाविला नाहीं.

सगळेच ख्रिस्ती लोक धैर्यानें उभे राहिले, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. कित्येकांनीं भिऊन बलि अर्पिला. कित्येकांनीं शास्त्रग्रंथ शिपायांच्या स्वाधीन केले. अशांस लॅटिन भाषेंत जें नांव पडलें त्याच मुळापासून विश्वासघातकी या अर्थाचा ट्रेटर हा इंग्रजी शब्द आला आहे. पुढें अशा लोकांस परत घ्यावें कीं नाहीं यावरून आफ्रिकेच्या मंडळींत फूट पडली, व तिनें शंभराहून अधिक वर्षें त्रास दिला. सुरक्षित घरांत बसून आपण त्या दुबळ्यांस नांवें ठेवण्याची घाई करूं नये. वर ज्याचें नांव आलें तो लॅक्टॅन्शियस स्वतः निकोमीडियांत लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक होता. डायोक्लेशियननेंच त्यास बोलावून नेमलें होतें. छळाच्या काळांत त्याची ती जागा गेली. पण जागा गेली तरी लेखणी राहिली, आणि त्या लेखणीमुळेंच ही हकीकत आपणांपर्यंत पोंचली.

इ. स. ३०३ च्या नोव्हेंबरांत राज्याच्या विसाव्या वर्षाचा उत्सव करण्यासाठीं डायोक्लेशियन रोमला गेला. तेथील लोकांचा सलगीचा स्वभाव त्यास रुचला नाहीं. ऐन हिवाळ्यांत तो परत निघाला व वाटेंत आजारी पडला. पुढील वर्षभर त्याची प्रकृति इतकी ढासळली कीं एकदां तो मेला अशीच अफवा उठली. इ. स. ३०५ च्या मार्चमध्यें तो लोकांपुढें आला, तेव्हां त्यास ओळखणेंही कठीण झालें. ता. १ मे ३०५ रोजीं निकोमीडियाबाहेरच्या मैदानांत सैन्याची सभा भरली. डोळ्यांत अश्रु आणून सम्राटानें सांगितलें कीं, आपण थकलों, आतां विश्रांति पाहिजे. कॉन्स्टान्शियस व गॅलेरियस हे मुख्य सम्राट् झाले. नवीन सीझर म्हणून कॉन्स्टंटाईनचें नांव येईल असें सर्वांस वाटत होतें. परंतु गॅलेरियसच्या आग्रहावरून त्याचा भाचा मॅक्झिमिनस डाया हा पुढें आला. डायोक्लेशियननें आपल्या अंगावरचीं जांभळीं वस्त्रें उतरवून त्याच्या अंगावर घातलीं, आणि पुन्हां साधा डायोक्लेस होऊन तो गाडींत बसून आपल्या जन्मभूमीकडे निघून गेला. त्याच दिवशीं मिलान येथें मॅक्झिमियननेंही पद सोडलें. पण तें नाखुषीनें, मित्राच्या शब्दाखातर.

सलोनाजवळ समुद्रकांठीं त्यानें स्वतःसाठीं एक भव्य वाडा बांधून ठेवला होता. तो सुमारें २१५ मीटर लांब व १८० मीटर रुंद असून त्यास किल्ल्यासारखे तट व बुरूज होते. शोभेसाठीं इजिप्तमधून दगडी स्फिंक्स आणले होते. तेथें तो झाडें-भाज्या लावण्यांत वेळ घालवूं लागला. इकडे त्याची राज्यव्यवस्था मात्र त्याच्या डोळ्यांदेखत कोसळली. इ. स. ३०६ मध्यें कॉन्स्टान्शियस वारला, सैन्यानें कॉन्स्टंटाईनला सम्राट् केलें, रोममध्यें मॅक्झिमियनचा मुलगा मॅक्झेन्शियस उठला, आणि म्हातारा मॅक्झिमियनही पुन्हां राजवस्त्रें नेसून बाहेर पडला. इ. स. ३०८ मध्यें कार्नन्टम येथील भेटींत सर्वांनीं डायोक्लेशियनला पुन्हां सत्ता घेण्याची गळ घातली. त्यानें उत्तर दिलें तें असें कीं, आपण स्वतःच्या हातानें लावलेले कोबीचे गड्डे त्यांनीं एकदां पाहिले असते, तर अशी विनंति करण्याचें त्यांच्या मनांतही आलें नसतें.

तथापि हा शेवट सुखाचा झाला नाहीं. मॅक्झिमियन इ. स. ३१० मध्यें अपमानित होऊन मेला, व त्याच्या प्रतिमा कॉन्स्टंटाईननें उतरविल्या. त्याबरोबर डायोक्लेशियनच्याही उतरल्या, कारण बहुधा दोघांची चित्रें जोडीनेंच असत. भयंकर दुखण्यानें खिळलेल्या गॅलेरियसनें इ. स. ३११ च्या एप्रिलांत छळ थांबविला, आणि ज्यांस त्यानें जाळलें त्याच ख्रिस्ती लोकांस आपल्यासाठीं व राज्यासाठीं त्यांच्या देवाची प्रार्थना करण्यास सांगितलें. त्याच्या मागें विधवा झालेल्या व्हलेरियेस मॅक्झिमिनस डायानें लग्नाची मागणी घातली. तिनें ती धुडकावली, म्हणून तिला व तिच्या आईला सीरियाच्या ओसाड प्रदेशांत हद्दपार केलें. मुलीस आपणांकडे पाठवावें म्हणून म्हाताऱ्या बापानें पुनःपुन्हां निरोप धाडले. ज्याच्या एका शब्दानें ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत फौजा हालत, त्याची ही एवढीशी विनवणी ज्यास त्यानें स्वतःचीं राजवस्त्रें दिलीं होतीं त्यानेंच ऐकली नाहीं. तिची सुटका न पाहतांच तो इ. स. ३११ ते ३१३ च्या दरम्यान वारला. पुढें लिसिनियस सम्राटानें त्या दोघी निरपराधी मायलेकींचा थेसलोनिका येथें शिरच्छेद करविला.

लॅक्टॅन्शियसनें या सर्व दुःखांत देवाचा सूड पाहिला. ज्यानें आपले मित्र मरतांना पाहिले, त्यास तसें वाटणें साहजिक आहे. परंतु छळ करणाराच्या अश्रूंनीं आनंदित व्हावें, असें आपल्या प्रभूनें आपणांस शिकविलेलें नाहीं. डायोक्लेशियन हा नीरोसारखा दुष्ट नव्हता, आणि म्हणूनच त्याची गोष्ट अधिक भयंकर आहे. सज्जन, उद्योगी व देशहितदक्ष मनुष्यही, मनुष्याच्या अंतःकरणावर आपला अधिकार चालतो अशी एकदां त्याची समजूत झाली म्हणजे, आपल्या विश्वासू सेवकांस अग्नींत लोटूं शकतो. देहान्त शिक्षेच्या भीतीनें गव्हाचा भाव उतरला नाहीं व विश्वासही विझला नाहीं. इ. स. ३१३ मध्यें कॉन्स्टंटाईन व लिसिनियस यांनीं सर्वांस आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक दिली.

काळानें त्याच्या स्मारकांचें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या राज्यारोहणाच्या सालापासून, म्हणजे इ. स. २८४ पासून, एक शक मोजला जात असे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्तमंडळी तो अजून चालविते, पण त्यास ती रक्तसाक्ष्यांचा शक म्हणते. इ. स. ५२५ मध्यें डायोनिशियस नांवाच्या साधूस ईस्टर सणाचें कोष्टक करतांना छळ करणाराच्या नांवानें वर्षें मोजणें बरें वाटलें नाहीं. म्हणून त्यानें तीं प्रभूच्या जन्मापासून मोजलीं, आणि आज सर्व जग वापरतें तो इसवी सन त्यांतून निघाला. सातव्या शतकांत सलोना उद्ध्वस्त झालें, तेव्हां निराधार लोक सम्राटाच्या ओस पडलेल्या वाड्याच्या तटांआड आश्रयास आले, आणि त्यांच्या वस्तीचें हल्लींचें क्रोएशियांतील स्प्लिट शहर झालें. वाड्यांतील अष्टकोनी समाधिमंदिरांतून डायोक्लेशियनची शवपेटी केव्हांच नाहींशी झाली. तेथें आतां ख्रिस्ती उपासना चालते, आणि तें मंदिर ज्याच्या नांवानें ओळखलें जातें तो डोम्नियस हा सलोनाचा बिशप होता. डायोक्लेशियनच्याच छळांत इ. स. ३०४ मध्यें त्याचा वध झाला होता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या हातीं उद्यां लहानमोठा अधिकार येईल. कोणी वर्ग चालवील, कोणी कचेरी, कोणी तालुका किंवा जिल्हा. त्या वेळीं डायोक्लेशियनचा उद्योग, त्याची मनुष्यांची पारख, शत्रूच्या नोकरांस त्यानें दिलेलें अभय आणि वेळेवर बाजूस होण्याचें त्याचें धैर्य हे गुण अवश्य घ्या. परंतु आपल्या हाताखालच्या मनुष्याच्या मनाच्या दारापाशीं आलां म्हणजे थांबा, आणि आंतून कोणी उघडीपर्यंत बाहेरच उभे राहा.